बाहेरची सेवा चालू आहे, आत मात्र कोरडे आहे: याला ढोंग म्हणावे का?

पलासियाकर यांचा प्रश्न

मी इंदूरची. आमचे आजोबा अहमदनगरकडून कॅनेडियन मिशनच्या कामासाठी माळव्यात आले आणि येथलेच झाले. त्यामुळे घरातली प्रार्थना मराठीत, मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना हिंदीत आणि शेजार होळकरांच्या काळापासून येथे असलेल्या मराठी हिंदू कुटुंबांचा, अशा वातावरणात मी वाढले. बऱ्याच वर्षांपासून मी संडे स्कूलमध्ये शिकवते, महिलांच्या प्रार्थनासभेत पाळी आली की प्रार्थना चालवते, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या सभांमध्ये साक्ष देणाऱ्यांत, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सर्वांपुढे सांगणाऱ्यांत, माझे नाव गृहीतच धरलेले असते.

अडचण अशी आहे की मागचा पुष्कळ काळ प्रार्थना करताना मला काहीही जाणवत नाही. विश्वास उडाला असे मी म्हणणार नाही, कारण देव नाही असे मला क्षणभरही वाटलेले नाही. परंतु पूर्वी प्रार्थनेत जी जवळीक वाटत असे ती उरलेली नाही. शब्द मात्र अडखळत नाहीत. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप, योग्य चढउतारांसह येतात, आणि सभा संपल्यावर कोणीतरी येऊन म्हणते की आज तुमच्या प्रार्थनेने फार आशीर्वाद मिळाला. त्या वेळी काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही.

अलीकडे बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी आमच्याकडे सांगितले की ज्याचे ओठ स्तुती करतात आणि अंतःकरण दूर असते तो परूशी, म्हणजे येशूने ज्यांना ढोंगी म्हटले त्या कर्मठ यहूद्यांसारखा, होय, आणि असे लोक सेवेत असण्यापेक्षा नसलेले बरे. त्यांनी बायबलमधल्या यशयाच्या 29 व्या आणि मार्कच्या 7 व्या अध्यायाचा आधार दिला. आधार खोटा नाही, म्हणूनच तो मनाला लागला.

दुसरीकडे, आमच्या मंडळीत खरेपणाचीही मापे ठरून गेली आहेत. पांढरी साडी, बिनदागिन्यांचे हात, प्रार्थनेत उंचावलेले तळवे, भरून आलेला आवाज, हे दिसले की माणूस ‘आत्म्याने भरलेला’ ठरतो, आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला ‘नावाचा ख्रिस्ती’ म्हणून बाजूला टाकले जाते. ही सगळी बाह्य चिन्हे मला उत्तम जमतात, आणि तीच मला आता बोचतात.

मी सेवा थांबवावी का? की चालू ठेवणे हाही विश्वासाचाच एक प्रकार असू शकतो? भावनेच्या भरात दिलेला धीर मला नको आहे. शास्त्राच्या आणि मंडळीच्या इतिहासाच्या आधाराने कोणी विचार मांडला तर उपकार होतील.

---

महूचे निवृत्त शिक्षक यांचे उत्तर

ताई, उपदेशकांनी दिलेला आधार बरोबर आहे, पण तो त्यांनी अर्धाच वाचला असावा. मार्कच्या 7 व्या अध्यायात येशू यशयाचे ते वचन ज्यांना ऐकवतो, त्यांचा दोष प्रार्थनेत मन लागत नाही हा नव्हता. पुढच्याच ओळींत त्याने उदाहरण दिले आहे: आईबापांना ज्याची गरज आहे ते धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करायचे आणि त्या धार्मिक शब्दाच्या आडोशाला राहून त्यांच्या पालनपोषणातून मोकळे व्हायचे. अंतःकरण दूर असणे याचा तेथील अर्थ भावना आटणे हा नसून देवाचे नाव पुढे करून देवाचीच आज्ञा चुकवणे हा आहे. हृदय कोठे आहे याचा पुरावा येशूने त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यात शोधला नाही. त्यांचे म्हातारे आईबाप उपाशी आहेत की जेवलेले, तेथे शोधला.

मत्तयाचा 6 वा अध्यायही असाच वाचावा लागतो. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टींबाबत तेथे एकच दोष तीनदा सांगितला आहे, तो म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून करणे. आणि अशांचे फळ त्यांना येथेच, लोकांच्या वाहवेत, मिळून गेलेले आहे असा निवाडा आहे. तेव्हा स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘मला काय वाटते’ हा नसून ‘मला यातून काय मिळते, आणि ते मिळणे बंद झाले तर मी हे करीन का’ हा आहे. आपल्या लिहिण्यावरून दिसते की मिळणारी वाहवा आपल्याला नकोशी झाली आहे. ढोंगी माणसाला ती नकोशी होत नाही.

कोरडेपणाबद्दल तर शास्त्र आश्चर्य वाटावे इतके मोकळे आहे. स्तोत्रसंहितेतील 88 वे स्तोत्र काढून पाहावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपते. आणि तरीही ते मंदिरात गाण्यासाठी संग्रहात ठेवले गेले. म्हणजे देव उत्तर देत नाही अशी तक्रार हीदेखील सार्वजनिक उपासनेत चालते, असे त्या संग्राहकांचे मत होते. आमच्या मंडळ्यांत हे स्तोत्र वाचलेले मी क्वचितच ऐकले आहे, ही बाब वेगळी.

इतिहासातली दोन उदाहरणे देतो. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली 1738 साली मार्च महिन्यात, आपल्याजवळ तारण देणारा विश्वासच नाही अशा खात्रीने उपदेश सोडून देण्याच्या विचारात होते. पीटर बोलर या मोरावियन पंथाच्या मित्राने त्यांना सल्ला दिला की विश्वास प्राप्त होईपर्यंत विश्वासाचा उपदेश करीत राहा, आणि मग तो प्राप्त झाला म्हणून करीत राहा. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत त्यांना जो अनुभव आला तो मेथॉडिस्ट मंडळ्यांत आजही सांगितला जातो. मात्र त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, 1766 मध्ये, त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात आपण देवावर कधी प्रीती केलीच नाही अशी कबुली दिली आहे, हे फारसे सांगितले जात नाही. त्या पत्रानंतरही ते दोन तपे प्रवास आणि उपदेश करीत राहिले.

दुसरे उदाहरण मदर तेरेसा यांचे. त्यांची खासगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की कोलकात्यातले काम सुरू झाल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. देवाच्या प्रेमात आकंठ बुडाल्यासारखे मी बोलले, तुम्ही तेथे असता तर याला ढोंग म्हणाला असता, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. जो शब्द आज आपल्याला टोचतो आहे तो त्यांनाही टोचला होता. तरी 2016 मध्ये त्यांना संतपद देताना मंडळीने ही पत्रे लपवली नाहीत.

सेवा थांबवू नये, असे माझे मत आहे.

---

रेसकोर्स रोडचा कॅथॉलिक यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. एक गोष्ट मात्र त्यात निसटली आहे. मदर तेरेसा आपला अंधार सर्वांपासून लपवत नव्हत्या. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना त्या तो वर्षानुवर्षे लिहून कळवत होत्या. जगापुढे हसणे आणि निदान एका माणसापुढे खरे बोलणे, ही दोन्ही कामे त्या करीत होत्या. पलासियाकर ताईंनी जे लिहिले त्यावरून असे वाटते की त्यांच्याकडे दुसरे काम करायला जागाच नाही. आमच्याकडे पापकबुलीच्या निमित्ताने ती जागा ठरलेली असते, जरी तिचाही उपयोग पुष्कळ जण उरकून टाकण्याच्या कामासारखा करतात.

दुसरा मुद्दा, त्यांची प्रार्थना ऐकून ज्यांना आशीर्वाद मिळाला त्यांचे काय? तो खोटा होता का? हा वाद फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राट डायोक्लेशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्या पाळकांनी शास्त्रग्रंथ शत्रूच्या हवाली केले, त्यांच्या हातून झालेले संस्कार व्यर्थ आहेत असे उत्तर आफ्रिकेतील डोनाटस यांच्या अनुयायांचे म्हणणे होते. 314 सालच्या आर्ल येथील सभेने ते मानले नाही, आणि पुढे ऑगस्टिन यांनी त्याविरुद्ध सविस्तर लिहिले: देणारा ख्रिस्त आहे, ज्याच्या हातून दिले जाते त्याच्या योग्यतेवर देणगी अवलंबून नाही. अँग्लिकन मंडळीच्या 39 कलमांपैकी 26 वे कलमही हेच सांगते, म्हणजे हे केवळ आम्हा कॅथॉलिकांचे मत आहे असे नाही. तेव्हा कोणी आशीर्वाद मिळाल्याचे सांगितले तर ‘देवाची कृपा’ एवढे म्हणावे. ते अक्षरशः खरे आहे.

आणि दिसण्याचीच भीती धरायची, तर आम्ही राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, काय करतो ते पाहा. उपास करताना तोंड धुवा, कोणाला कळू देऊ नका, हा मत्तयाच्या 6 व्या अध्यायातला उतारा त्याच दिवशी वाचला जातो आणि त्याच उपासनेत कपाळावर राख लावली जाते. एका मित्राने मला हा विरोध दाखवून हसून विचारले होते की तुम्ही ऐकता तरी का? ऐकतो, आणि त्याच येशूने 5 व्या अध्यायात आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्या असे सांगितले आहे, हेही ऐकतो. दिसणे हा दोष असता तर त्याने ते सांगितले नसते.

आपल्याच भागातले उदाहरण सांगतो. राणी मारिया या धर्मभगिनींची 25 फेब्रुवारी 1995 रोजी देवास जिल्ह्यात उदयनगरजवळ बसमधून ओढून हत्या झाली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा ती पुन्हा सर्वत्र सांगितली गेली. राखी बांधणे हे पूर्णपणे बाह्य कृत्य आहे. बांधताना त्यांच्या मनात काय चालले होते हे मला माहीत नाही, आणि मनातला राग पूर्ण निवेपर्यंत त्यांनी थांबायला हवे होते असेही मला वाटत नाही.

---

जुने इंदूर यांचे उत्तर

मला या चर्चेतली एक दिशा थोडी सोपी वाटते. आत एक खरा माणूस आणि बाहेर एक मुखवटा, अशी मांडणी सगळेच करत आहेत. प्रश्नकर्त्या ताईंनी मंडळीतल्या मापांबद्दल जे लिहिले त्याकडे मात्र कोणी पाहिले नाही, आणि मला तोच प्रश्नाचा गाभा वाटतो.

मत्तयाच्या 6 व्या अध्यायातले ते उपास करणारे लोक लोकांना काय दाखवत होते? सोन्याच्या अंगठ्या नव्हे. ते उतरलेले तोंड दाखवत होते, म्हणजे पश्चात्ताप आणि अंतःकरणाची व्याकुळता दाखवत होते. त्यांनी ज्याचे प्रदर्शन मांडले होते ते नेमके आतले होते. आपण समजतो की विधी, घंटा, झगे आणि छापील प्रार्थना हे बाह्य, आणि भरून आलेला आवाज, उत्स्फूर्त शब्द, अश्रू हे आंतरिक. पण ज्या मंडळीत अश्रूंना मान आहे तेथे अश्रू हेच बाह्य चिन्ह होते, आणि ते झग्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण झगा घातलेल्या माणसाला तरी आपण झगा घातला आहे हे माहीत असते. छापील प्रार्थना वाचणाऱ्यावर अमुक एक भावना आहेच असे दाखवण्याची सक्ती नसते. उलट ज्याला दर आठवड्याला मनापासून बोलायचे असते, तो एखाद्या आठवड्यात मन रिकामे असले तर काय करणार?

साक्ष देण्याच्या पद्धतीबद्दलही हेच. साक्ष ही मूळची चांगली गोष्ट. पण तिचा एक साचा पडून गेला आहे. आधी अंधार, मग संकट, मग एक रात्र, मग प्रकाश. ज्याच्या आयुष्यात ही क्रमवारी नाही त्याला आपली साक्ष अपुरी वाटू लागते आणि तो नकळत तिला साच्यात बसवतो. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट मी येथे नेहमी आठवतो. त्यांनी जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग मागे ठेवला आणि सगळा दिल्याचे भासवले. येशूचा शिष्य पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो की जमीन तुमची होती, विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते. थोडे पैसे मागे ठेवणे हा गुन्हा नव्हता. अर्धे देऊन पूर्ण दिल्याचे दाखवणे हा गुन्हा होता. अर्ध्या अनुभवाची अर्धीच साक्ष द्यायला कोणाची हरकत असायला नको. आमच्या सभांत ती देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याबाबतीत फार करारी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यानंतर ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांना खूश ठेवणे अगदी सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारले. मंडळीची मतसूत्रे पटल्याशिवाय तोंडाने म्हणण्याचे नाकारले, आणि त्यावरून त्यांपैकीच एक असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात अहंकाराचा आरोपही सोसला. पुढे 1907 मध्ये आपल्या जीवनाबद्दल लिहिताना त्यांनी सांगून टाकले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विचार करा, त्या वेळेपावेतो त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते, देशोदेशी त्यांचे नाव झाले होते. असे वाक्य लिहून त्यांना काही मिळणार नव्हते. देणगीदारांच्या मनात शंका आली असती तर उलट जाणारच होते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच्या अगदी उलट दिशेचे, आणि मला तितकेच आवडणारे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात पतीकडे राहायला आल्यावरही त्यांनी स्वयंपाकपाण्याचे सोवळे सोडले नाही. पतिव्रता म्हणून नवऱ्यामागे बाप्तिस्मा घेतला असता तर मिशनच्या लोकांना आनंदच झाला असता आणि त्यांचा स्वतःचा संसारही सोपा झाला असता. पण सोवळे मनातून गेले तेव्हाच त्यांनी ते हातातून सोडले. आज आमच्याकडे एखाद्या सुनेने पाच वर्षे ‘मला अजून पटलेले नाही’ म्हणून थांबायचे ठरवले, तर आपण तिला तेवढा अवकाश देऊ का?

म्हणून माझे उत्तर महूच्या गुरुजींपेक्षा थोडे वेगळे आहे. शिकवणे चालू ठेवावे, कारण मुलांना दाविदाची गोष्ट सांगण्यासाठी अंगावर रोमांच उभे राहण्याची गरज नाही. परंतु जेथे कामच मुळी आतली स्थिती जाहीर करण्याचे आहे, म्हणजे साक्ष, तेथून काही काळ बाजूला व्हावे.

---

राजेंद्रनगर यांचे उत्तर

मी ख्रिस्ती नाही, तरी एक गोष्ट सांगाविशी वाटते. आम्हा शेजाऱ्यांना तुमच्या प्रार्थनेतला ओलावा किंवा कोरडेपणा दिसत नाही. भाजीवाल्याशी कसे बोलता, घरकाम करणाऱ्या बाईला सणाची सुट्टी देता की कापून घेता, सोसायटीच्या बैठकीत कबूल केलेले काम करता की नाही, तेवढेच दिसते. वारकरी संतांनीही माळ-टिळ्याच्या दंभावर कमी कोरडे ओढलेले नाहीत. आणि नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्तापर्यंत आले, तेव्हा हा विषय आपल्या दोन्ही घरांचा आहे असे मी धरून चालतो.

---

पलासियाकर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. ‘कुर्बान’चा संदर्भ माझ्या वाचनात अनेकदा आला होता, पण तो त्या वचनाला कसा जोडलेला आहे हे मी कधी पाहिले नव्हते. साक्ष आणि शिकवणे यांत केलेला फरकही विचार करण्यासारखा आहे.

राजेंद्रनगरच्या उत्तरामुळे आणखी एक विषय येथे आणते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत हळदीकुंकू होते आणि ख्रिस्ती बायकांनाही आग्रहाचे बोलावणे असते. आमच्यातल्या काही जणी जातात, वाण आणि तिळगूळ घेतात. मात्र मंडळीतले कोणी पाहुणे घरी आलेले असले की त्याच जणी डोके दुखते असे कळवतात. मंडळीतल्या कडक मतांच्या स्त्रिया म्हणतात की जाणे हेच ढोंग आहे. माझ्या शेजारणी म्हणतात की न जाणे हा तुसडेपणा. खऱ्या विश्वासाला यातले कोणते वागणे धरून आहे?

---

वडोदऱ्याहून एक वाचक यांचे उत्तर

आमच्याकडेही मराठी वस्तीत हा प्रश्न दरवर्षी येतो. जावे की जाऊ नये याबद्दल मी निकाल देणार नाही; प्रेषित पौलानेही सरसकट निकाल दिलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात तो सांगतो की बाजारात विकले जाणारे काहीही चौकशी न करता खा, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि तुमची इच्छा असली तर जा आणि वाढलेले खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे पदार्थ तोच, घर तेच, पण समोरचा माणूस त्याला काय अर्थ देतो यावर वागणे बदलते. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात खाणारा आणि न खाणारा या दोघांनाही एकमेकांना तुच्छ लेखण्याची मनाई आहे.

मात्र डोके दुखण्याचे कारण सांगणाऱ्यांबद्दल पौलाचे मत फार स्पष्ट आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर बसून जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली तेव्हा तो त्यांच्या भीतीने मागे सरला, इतर यहूदीही त्याच्यामागे गेले, बर्णबाससुद्धा ओढला गेला. पौलाने सर्वांसमोर त्याला जाब विचारला आणि या वागण्याला ढोंगच म्हटले. गलतीकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात हे सगळे आहे. येथे पेत्राचे आतले मत योग्य होते. बिघडले ते बाहेरचे वागणे, आणि ते धार्मिक दिसण्याच्या दिशेने बिघडले. आपण ढोंग म्हणजे आत वाईट आणि बाहेर चांगले असे समजतो. पेत्राचे ढोंग आत चांगले आणि बाहेर भित्रे असे होते. त्यात दुखावले कोण गेले? कालपर्यंत ज्यांच्या पंक्तीला तो होता, ते जेवणारे.

तेव्हा जाणाऱ्यांनी पाहुण्यांदेखत जावे, आणि न जाणाऱ्यांनी शेजारणीला खरे कारण प्रेमाने सांगावे. माझ्या परिचयातल्या एक बाई दारातच म्हणतात, कुंकू लावून घेत नाही, तिळगूळ मात्र दोन वड्या जास्त द्या. त्यांना कोणी आजवर तुसडे म्हटलेले नाही.

जाता जाता, वर टिळकांचे नाव आले म्हणून. त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तन यांतून ख्रिस्ताचे गुणगान केले तेव्हा हे हिंदू वळण आहे अशी कुरकुर झालीच. मिशनची पगारी नोकरी 1917 मध्ये सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली. दोन वर्षांत ते वारले आणि ते काम फार पुढे गेले नाही. पाश्चात्त्य पेहराव आणि इंग्रजी चाली म्हणजे ख्रिस्तीपण, असे मानणाऱ्यांना तेही एक बाह्य रूपच आहे हे त्या काळी दिसत नव्हते. आज त्यांचीच पदे मराठी मंडळ्यांत कोणाला न खटकता गायिली जातात.

---

महूचे निवृत्त शिक्षक यांचे पुन्हा उत्तर

‘जुने इंदूर’ यांनी साक्ष आणि शिकवणे यांत केलेला फरक मला मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या उत्तराला तेवढी दुरुस्ती जोडावी. वेस्लींना मिळालेला सल्ला उपदेशाबद्दल होता, स्वतःचा अनुभव सांगण्याबद्दल नव्हता.

आता व्यवहाराचे. पलासियाकर ताई, पाळकांना किंवा पाळकीणबाईंना भेटून ‘मी सेवा सोडते’ असे सांगू नये, कारण मग त्यांचा सगळा वेळ आपली समजूत घालण्यात जाईल. उपवासकाळाच्या सभांची यादी छापायला जाण्याआधी साक्ष देणाऱ्यांतून माझे नाव काढून मला शास्त्रवाचन द्यावे, एवढीच विनंती करावी. कारण विचारले तर रेसकोर्स रोडच्या बंधूंनी म्हटल्याप्रमाणे त्या एका माणसाला तरी खरे सांगावे. आणि वाचनासाठी उतारा निवडण्याची मुभा मिळालीच, तर 88 वे स्तोत्र मागून घ्यावे, पूर्ण; शेवटची ओळ फार उदास आहे म्हणून कोणी गाळायला सांगितले तरी गाळू नये.